अठरा फुटांचं कुंपण की आठ फुटांचा मांडव?

पत्राचा सारांश: नागपुरात मानेवाड्याच्या पलीकडच्या एका जुन्या लेआउटमध्ये या वाचक ताईंचं बैठं घर आहे. मागे अंगण, अंगणात एक संत्र्याचं आणि एक लिंबाचं झाड, गोडनिंब (कढीपत्ता), तुळशीवृंदावन आणि सिमेंटचा बाक. माती काळी, उन्हाळ्यात अंगणाला बोटभर भेगा पडतात. पूर्वेकडचा शेजारचा प्लॉट विकला गेला. तिथे खाली पार्किंग आणि वर तीन मजले अशी इमारत उभी राहिली. तिन्ही मजल्यांच्या बाल्कन्या नेमक्या यांच्या अंगणाकडे तोंड करून आहेत. तेव्हापासून सासूबाई केस वाळवायला बाहेर येत नाहीत, वाळवणं गच्चीवर गेली आणि ताईंनी संध्याकाळी बाकावर बसणं सोडलं. यजमान म्हणतात, कंपाउंडवर टिनाचे पत्रे ठोकू. नर्सरीवाला म्हणतो, कोनोकार्पस लावा, वर्षभरात भिंत तयार. ताईंच्या मनात मात्र ४० फुटांच्या भिंतीलगत अशोकाची रांग आहे, नाहीतर कुंतीची. लवकर वाढेल, दाट होईल आणि फार निगा लागणार नाही असं कुंपण कोणतं, हा त्यांचा प्रश्न. घरात दोन वर्षांचा नातू आहे, हेही त्यांनी कळवलं आहे.

प्रिय ताई,

तुमचं पत्र एप्रिलमधलं आणि उत्तर पावसाच्या तोंडावर जातंय, हे बरंच झालं. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ कडक दिवसांत, लावलेलं रोप जगवायचं तर घरातला एक माणूस त्याच्याच दिमतीला लागतो.

झाडांची नावं नंतर. आधी तुम्ही न विचारलेलं मी विचारते. तुम्हाला अवघडल्यासारखं होतं ते अंगणात नेमकं कुठे, आणि किती वाजता? पत्रात "सतत कुणीतरी बघत असतं" असं लिहिलंय. बाल्कनीत उभी राहणारी माणसं बहुधा फोनवर बोलत असतात, दोरीवरचे वाळलेले कपडे काढत असतात. नजर खाली गेली तरी मन भलतीकडेच असतं. तुमची समजूत घालण्यासाठी हे म्हणत नाही. कुणी बघो न बघो, वरून बघता येतं एवढ्यानेच बाई पदर सावरते आणि आत निघून जाते. तो त्रास खराच आहे. पण पत्र पुन्हा वाचलं तेव्हा लक्षात आलं की तुमचं जे गेलंय ते तीन ठिकाणी गेलंय: बाक, सासूबाईंची केस वाळवायची जागा आणि वाळवणाची खाट. उपाय मात्र तुम्ही ४० फुटांच्या अख्ख्या भिंतीवर शोधताय. इमारतच डोळ्यांसमोर नको, अशी मागणी असेल तर तिला कुंपण पुरं पडणार नाही. संध्याकाळी पाच ते सात बाकावर निवांत बसायचंय, असं असेल तर काम पुष्कळ सोपं आहे.

थोडं शाळेतलं गणित करू. खाली पार्किंग आहे, म्हणजे दुसऱ्या मजल्यावर उभ्या असलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण २५ फुटांवर येतात. ती बाल्कनी तुमच्या भिंतीपासून ५ फूट पलीकडे आणि तुमचा बाक भिंतीपासून १० फूट अलीकडे धरू. बसल्यावर तुमचं डोकं ४ फुटांवर. आता त्या डोळ्यांपासून तुमच्या डोक्यापर्यंत दोरी ताणली असं समजा. भिंतीच्या जागी ही दोरी १८ फूट उंचीवरून जाते. म्हणजे भिंतीलगतचं कुंपण १८ फूट होईपर्यंत दुसऱ्या मजल्याला तुम्ही दिसतच राहणार. तिसऱ्या मजल्यासाठी हाच आकडा २५ फुटांच्या आसपास जातो. तीच दोरी बाकापासून फक्त ३ फुटांवर मोजली तर दुसऱ्या मजल्यासाठी सव्वाआठ फूट आणि तिसऱ्यासाठी सव्वादहा फूट एवढीच उंची निघते.

वरून येणारी नजर भिंतीने अडत नाही, डोक्यावरच्या आडोशाने अडते. बाकावर ८ फूट उंचीचा मांडव घाला आणि तो भिंतीच्या दिशेने सहा फूट पुढे येऊ द्या. पहिला, दुसरा, तिसरा, तिन्ही मजल्यांचा हिशेब तेवढ्यात मिटतो. तुमच्या अंगणाची मापं माझ्यापेक्षा वेगळी असतील, म्हणून एक संध्याकाळ घालवा. तुम्ही बाकावर बसा, यजमानांना लांब बांबू उभा धरून आधी भिंतीपाशी आणि मग तुमच्या जवळ उभं राहायला सांगा. बाल्कनीचा कठडा झाकायला बांबू किती उंच लागतो ते दोन्हीकडे बघा. टिनाच्या पत्र्यांचा वादही मला वाटतं तिथेच मिटेल, कारण १८ फूट पत्रे कोणी ठोकत नाही. आणि ठोकलेच तर मे महिन्यात तापलेल्या पत्र्याची धग अंगणात येईल, आणि पावसाआधीच्या वादळात ते कोणाच्या अंगणात जाऊन पडतील याचा नेम नाही.

आता अशोक. शेंड्याकडे निमुळता होत जाणारा हा झुलता अशोक आपल्याकडे जुन्या लेआउटमध्ये घरोघरी दिसतो, आणि दिसतोही छान. पण १८ फूट व्हायला त्याला पाच-सहा वर्षं तरी हवीत. झाड सडपातळ, त्यामुळे फट राहू नये म्हणून तीन-तीन फुटांवर लावावं लागेल, म्हणजे ४० फुटांत तेरा-चौदा झाडं. तुमच्या काळ्या मातीत तेरा-चौदा झाडं भिंतीला चिकटून लावणं मला धोक्याचं वाटतं. ही माती पाण्याने फुगते आणि वाळली की आकसते. मोठ्या झाडांची मुळं उन्हाळ्यात तिच्यातली उरलीसुरली ओल शोषून घेतात, जमीन आणखी आकसते आणि कंपाउंडला तडे जातात, कधी घराच्या पायालाही. दुसरी गोष्ट कायद्याची. महाराष्ट्राच्या नागरी क्षेत्रांतल्या वृक्षांच्या संरक्षणासाठी १९७५ चा कायदा आहे आणि तो खाजगी प्लॉटमधल्या झाडालाही लागू आहे. हौसेने लावलेला अशोक पुढे नकोसा झाला तर महापालिकेकडे परवानगी मागायला जावं लागेल. उद्या मुलाला घर वाढवायचं असेल, तेव्हा ही रांग त्याच्या वाट्याला येईल. शिवाय पूर्वेचं सकाळचं ऊन त्या इमारतीने आधीच खाल्लंय. नऊ-दहानंतर वरून जे येतं, तेही अशोकाने अडवलं तर तुळस आणि संत्रं दोन्ही सुकतील, आणि वाळवण काही गच्चीवरून खाली यायचं नाही.

कोनोकार्पसबद्दल थोडक्यात: नको. वाढतो झपाट्याने, हे नर्सरीवाला खरंच सांगतोय. पण नेमकी तीच अडचण आहे. कात्री थांबली की तो झाड होऊन बसतो आणि त्याची मुळं ओलीच्या मागे गडरलाइन (सांडपाण्याची नळी) आणि नळाच्या पाइपांकडे धावतात. गुजरात सरकारने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली, ती मुळांच्या आणि परागकणांच्या याच तक्रारींमुळे.

कुंतीचं नाव वाचून मात्र मी अडखळले, कारण एरवी मी तीच सुचवली असती. दाट, काळसर हिरवी, कात्री सोसणारी, आणि पावसाळ्यात फुलली की संध्याकाळभर वास. पण तुमच्या अंगणात संत्रं आणि लिंबू आहे. कुंती त्यांच्याच कुळातली. संत्र्याच्या कोवळ्या पालवीतला रस शोषणारा सायला हा बारीक किडा कुंतीवर फार आवडीने पोसतो, आणि झाड हळूहळू पिवळं पाडून मारणारा ग्रीनिंग रोग हाच किडा पसरवतो. केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आपल्या नागपुरातच आहे आणि हा रोग संत्रा बागायतदारांच्या मोठ्या चिंतांपैकी एक आहे. तुमचा गोडनिंबही याच किड्याला आवडतो. एका झाडासाठी तो उपटायची गरज नाही, नव्या पालवीवर नजर ठेवा म्हणजे झालं. पण संत्र्याशेजारी ४० फूट कुंती मी तरी लावणार नाही. ज्यांच्या अंगणात आणि शेजारीपाजारी संत्रं, मोसंबी, लिंबू नाही, त्यांनी कुंती खुशाल लावावी, दोन-दोन फुटांवर.

मग तुमच्यासाठी काय? दोन वेगळी कामं दोन वेगळ्या गोष्टींवर सोपवा. वरच्या नजरेसाठी मांडव आणि खालच्या पार्किंगसाठी भिंतीलगत मध्यम उंचीचं कुंपण.

मांडवाला लोखंडी पाइप घ्या आणि ते काँक्रीटमध्ये रोवा. बांबूही चालतो, पण जमिनीतला भाग वाळवी दोन-तीन वर्षांत खाते. वर जाड तारा किंवा वेल्डमेश. आकार साधारण १० बाय ८ फूट असू द्या, कारण शेजारच्या बाल्कनीतली नजर तिरकीही येते. त्यावर मधुमालतीचा एक वेल, आणि खरंच एकच. दोन लावले तर तिसऱ्या वर्षी मांडव वाकेल. पांढऱ्याच्या गुलाबी आणि मग लाल होत जाणाऱ्या फुलांचे झुबके, आणि बोगनवेलीसारखे लांब काटे नाहीत. बोगनवेल याहून काटक आहे, पाणीही कमी मागते, पण तिचे काटे दोन वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर नकोत. मधुमालतीची पानं थंडीत विरळ होतात. तेव्हा तुम्हालाही बाकावर ऊन हवंच असतं, म्हणून मी हा तिचा गुणच धरते. जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारीत तिला कडक छाटा. फूल नव्या फांदीवर येतं, त्यामुळे हात आखडायचं कारण नाही.

पण वेल मांडव भरायला दीड-दोन वर्षं घेईल. तोवर काय? जुलैत त्याच मांडवावर वाल आणि दोडका चढवा. ऑगस्ट संपेपर्यंत दोडक्याच्या पानांचं छप्पर होतं आणि तो उतरला की वाल पुढे चालवतो. संक्रांतीपर्यंत वालाच्या, म्हणजे पोपटीच्या, शेंगांची भाजी घरचीच. उन्हाळ्यात मांडवावर हिरवी जाळी बांधा, आपल्या चौकांत सिग्नलवर लोकांना सावली म्हणून टांगतात तीच. पाऊस सुरू झाला की मात्र जाळी काढायची. ठेवली तर वेल तिच्यात गुंततो आणि वारा ती फाडतो.

भिंतीलगत मी कोयनेल लावेन. अशोकाच्या तोऱ्यापुढे ती साधी वाटेल, पण नागपूरच्या उन्हात तिच्याइतकं निमूटपणे टिकणारं कुंपण मला माहीत नाही. बारमाही हिरवी. पान कडू, त्यामुळे मोकाट गाय किंवा बकरी तोंड लावत नाही. जुलैत काडी खोचली तरी लागते, म्हणजे रोपांचा खर्च वाचतो. मुळात हे समुद्रकाठचं झुडूप, खारटपणा सोसणारं. म्हणून कूलरच्या टाकीत उरलेलं जड, क्षारांचं पाणी तिला घालता येतं. तेच पाणी संत्र्याला घालू नका, संत्र्याला क्षार सोसत नाहीत. जुन्या धाटणीची मेंदीही चांगली, फक्त जुन्या फांद्या काटेरी होतात. तुमच्याकडे नातू आहे म्हणून कोयनेल.

लावताना भिंतीपासून दीड फूट सोडा, म्हणजे मागच्या बाजूने छाटायला हात जाईल आणि भिंत ओली राहणार नाही. एकेक खड्डा घेण्यापेक्षा सलग चर खणा, दीड फूट रुंद आणि तेवढाच खोल. काढलेल्या मातीत कुजलेलं शेणखत, थोडा बारीक मुरूम आणि निंबोळी पेंड मिसळून चर पुन्हा भरा. आजूबाजूच्या जमिनीपेक्षा तो चार बोटं उंच राहू द्या, कारण काळ्या मातीत पावसाळ्यात पाणी साचलं की मुळं कुजतात. दीड-दीड फुटांवर एक, म्हणजे ४० फुटांना २७-२८ रोपं. दोनेक चांगले पाऊस होऊन माती आतपर्यंत भिजली की लावा, पहिल्याच सरीला नाही.

माझ्याकडे येणाऱ्या पत्रांत "खालून फाटकं झालंय" ही कुंपणाची सगळ्यात मोठी तक्रार असते, आणि तिचं मूळ पहिल्या वर्षात असतं. रोप वाढतंय या आनंदात कोणी त्याला हात लावत नाही. ते सरळसोट चार फूट जातं, वर झुपका आणि खाली काड्या. एकदा बुंधा उघडा पडला की तो पुन्हा भरणं कठीण. म्हणून रोप दीड फुटाचं झालं की न हळहळता एका फुटावर कापा. खालून फांद्या फुटतील. पुन्हा फूटभर वाढलं की नव्या वाढीतली अर्धी काढा. असं दोन-तीनदा केलं की उंची गाठायला थोडा जास्त वेळ लागतो, पण कुंपण जमिनीपासून भरतं. आणि माळ्याला सांगा, आकार खाली रुंद आणि वर किंचित अरुंद ठेव. बहुतेक माळी कात्री सरळ उभी धरतात, वरचा भाग हळूहळू पसरतो आणि खालच्या पानांना ऊन मिळत नाही.

पुढे मोठी छाटणी वर्षातून दोनदा: पाऊस लागल्यावर आणि पाऊस ओसरल्यावर, म्हणजे दसऱ्याच्या आसपास. मधे वाटलं तर फेब्रुवारीत हलका हात. एप्रिल-मे महिन्यात कात्री घरात ठेवा. त्या उन्हात आतली कोवळी पानं उघडी पडली की करपतात. पाणी पहिल्या उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांआड, पण भरपूर. रोज शिंपडलेल्या वरवरच्या पाण्याने मुळं वरच राहतात. छाटलेला पाला जाळू नका, बुडाशी अंथरा, फक्त खोडाला चिकटवू नका. उंची सात फुटांवर थांबवा. पार्किंगमधले लोक आणि गाड्यांचे दिवे एवढ्यात झाकले जातात. याहून उंच गेली की छाटायला घोडा (उंच शिडी) आणावा लागतो, आणि मग ती छाटली जात नाही. तुमच्या कूलरच्या खिडकीसमोर मात्र तीन फूट मोकळे ठेवा. कोंदलेल्या जागेत कूलर थंड हवा देत नाही आणि पानं टाकीत पडतात. पलीकडच्या एसीची गरम हवा जिथे फेकली जाते तिथली दोन रोपं कदाचित जगणार नाहीत, त्याचं वाईट वाटून घेऊ नका.

अशीच अडचण असलेल्या इतरांसाठी थोडं. कण्हेर आणि बिट्टी दोन्ही काटक आणि फुलांच्या, पण दोन्ही विषारी. लहान मूल किंवा जनावर असलेल्या घरात लावू नका, त्यांच्या वाळक्या फांद्या शेकोटीतही टाकू नका. पिवळ्या मण्यांचा ड्युरांटाही मुलांनी तोंडात घालण्यासारखा नाही. रिंग रोडच्या बाहेर मोकळी जागा असेल तर करवंद लावा. कुंपण, काटा आणि फळ तिन्ही मिळतं. अडुळसा आणि निर्गुडीही तिथे छान येतात. तळमजल्याच्या फ्लॅटमध्ये खिडकी रस्त्यावर उघडत असेल तर तिथेही बसायची खुर्ची कुठे आहे ते आधी बघा. बऱ्याचदा खिडकीच्या खालच्या अर्ध्या भागाला पडदा आणि कठड्यावर मोठ्या कुंडीत एक झुडूप एवढ्याने भागतं. कुंड्यांखालच्या ताटल्यांत पाणी साचू देऊ नका, पावसाळ्यात डेंग्यूचे डास तिथेच होतात.

शेवटी शेजारी. पत्रात त्यांच्याशी बोलल्याचा उल्लेख नाही. कायद्याने काही करता येईल का, असं यजमानांनी विचारलंय. १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार कायद्यात १८ व्या कलमाखाली एक उदाहरण आहे: एखाद्या गावात शेजाऱ्याच्या खाजगीपणावर गदा येईल अशी नवी खिडकी उघडायची नाही असा रिवाज असेल, तर त्या रिवाजातून हक्क मिळतो. पण तसा रिवाज आधी सिद्ध व्हावा लागतो, आणि आपल्या लेआउटमध्ये तो कसा सिद्ध करणार? इमारतीने नियमाप्रमाणे बाजूची जागा सोडली आहे का, हे मंजूर नकाशावरून तपासता येईल. तो प्रश्न वेगळा ठेवा, त्याने तुमचा बाक परत मिळणार नाही.

त्यापेक्षा एखाद्या दुपारी तुम्ही आणि सासूबाई वर जाऊन या. यजमान नकोत, पत्र्यांची भाषा होईल. "तुम्ही बघता" असं म्हणू नका. "आम्हालाच अंगणात बसायला जरा अवघड होतं" असं म्हणा. त्यांच्या बाल्कन्या पश्चिमेला आहेत, म्हणजे दुपारी तीननंतर ऊन थेट घरात. तेही वैतागलेले असणार. कठड्याच्या वर बांबूचा चिक किंवा वाळ्याचा पडदा सोडला तर त्यांचा उन्हाळा सुसह्य होईल आणि तुमची संध्याकाळ मोकळी होईल. दुसऱ्या मजल्यावरच्यांनी जरी तेवढं केलं तरी अर्धं काम झालं. आणि निघण्याआधी त्यांच्या बाल्कनीत दोन मिनिटं उभ्या राहून खाली तुमच्या अंगणात बघा: बाक किती दिसतो, तुळस दिसते का, संत्र्याच्या आड काय लपतं, मोरीकडची कोणती जागा मुळात दिसतच नाही. सासूबाईंची केस वाळवायची जागा कदाचित तिथेच निघेल. मांडवाचे खांब कुठे रोवायचे ते घरी येऊन त्यावरून ठरवा, आणि मगच वेल्डरला फोन करा.